दिवाळे काढायलाही पैसे नसतात तेव्हा

कर्जमाफीचा विषय निघाला की महाराष्ट्रात दोन ठरलेली भाषणे ऐकू येतात. पहिले असे: बड्या उद्योगपतींची हजारो कोटींची कर्जे बँकांनी सोडून दिली, मग गरिबाचे पन्नास हजार का सुटत नाहीत? दुसरे असे: अशाने लोकांना फुकटाची सवय लागते, वेळेवर हप्ते भरणारा मूर्ख ठरतो आणि पतपुरवठ्याची शिस्त मोडते. मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे गरिबांना विनातारण छोटी कर्जे देणाऱ्या संस्थांच्या, वसुलीच्या तक्रारी गावोगाव वाढल्या, शेजारच्या कर्नाटकाने २०२५ साली जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला, तेव्हाही हीच दोन भाषणे पुन्हा झाली. दोन्हीकडचा आवाज मोठा आहे, पण मधला प्रश्न कुणी विचारतच नाही. ज्याला कर्ज फेडणे खरोखर अशक्य झाले आहे, त्याने कायद्याने जायचे तरी कुठे?

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. सरसकट कर्जमाफीने हा माणूस सुटत नाही आणि वसुलीवाल्यांना मोकळे रान दिल्याने त्याच्याकडून पैसाही निघत नाही. त्याला दिवाळखोरीची सोय हवी आहे. ती तालुक्याच्या गावी मिळावी, तिला एक रुपयाही फी नसावी आणि अर्ज भरण्यापासून शेवटच्या आदेशापर्यंत कुणीतरी जाणकार त्याच्या बाजूने बसलेला असावा. यातली निम्मी सोय संसदेने २०१६ सालीच मंजूर केली आहे आणि ती आजवर लागू झालेली नाही. उरलेल्या निम्म्याचा, म्हणजे मदतनिसाच्या फीचा, विचार कायद्याने केलेलाच नाही.

आधी पहिल्या भाषणाबद्दल. उद्योगपतींची कर्जे ‘माफ’ झाली हे म्हणणे ढिले आहे. बँक जुने बुडीत कर्ज निर्लेखित करते तेव्हा ते ताळेबंदातून जाते, वसुलीचा हक्क जात नाही. हे कबूल केलेले बरे, कारण ढिली तक्रार समोरचा एका वाक्यात उडवून लावतो. खरी तफावत त्याहून खोल आहे. कंपनी बुडाली तर तिच्यासाठी नादारी व दिवाळखोरी संहिता आहे, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण आहे, रिझोल्यूशन प्रोफेशनल (नादारीची प्रक्रिया चालवणारे नोंदणीकृत व्यावसायिक) आहेत, वकिलांचा ताफा आहे. या प्रक्रियेचा खर्च बुडालेल्या कंपनीच्याच मालमत्तेतून भागतो, तोही बँकांना पहिला रुपया मिळण्याआधी. तोडगा निघाला तर मान्य झालेल्या दाव्यांपैकी सरासरी एकतृतीयांशाच्या आसपास रक्कम धनकोंच्या हाती येते, बाकीची सुटते आणि धंदा नव्या मालकाकडे जाऊन पुढे चालतो. यात गैर काही नाही. बुडालेले बुडाले असे मान्य करून पुढे जाणे हे शहाणपणच आहे. पण हेच शहाणपण माणसाच्या दारात आले की का थांबते?

त्याच संहितेचा तिसरा भाग व्यक्तींसाठी आहे. त्यातली ‘नव्या सुरुवातीची’ प्रक्रिया अगदी गरिबांसाठी आखलेली होती: अर्ज दाखल झाला की वसुलीला अंतरिम स्थगिती, मग छाननी, अर्ज स्वीकारला गेला की १८० दिवसांची स्थगिती, आणि शेवटी पात्र कर्जांतून मुक्तीचा आदेश. हा भाग काढून ठेवला गेला. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता सुरू झाला. म्हणजे माणसांसाठी लिहिलेला कायदा पहिल्यांदा वापरात आला तो कोटींच्या हमीपत्रांवर सह्या करणाऱ्यांच्या बाबतीत, आणि ज्यांच्यासाठी ‘नवी सुरुवात’ लिहिली ते आजही बाहेर आहेत. त्यांच्यासाठी उरतो तो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आणि मुंबईत १९०९ चा त्याचा भाऊ. शंभर वर्षांपूर्वीचे हे कायदे अजून जिवंत आहेत, जिल्हा न्यायालयात, मुंबईत उच्च न्यायालयात, त्यांच्याखाली अर्ज करता येतो, पण हप्ते थकलेल्या किती घरांना हे कुणी सांगितले आहे?

आणि समजा, उद्या सकाळी ‘नवी सुरुवात’ लागू झाली. कुणाला मिळेल ती? वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपेक्षा जास्त नको, सगळी मालमत्ता २०,००० च्या आत हवी, पात्र कर्ज ३५,००० च्या आत हवे आणि स्वतःच्या मालकीचे घर नको, मग ते गहाण असो वा नसो. आता हे आकडे रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. २०२२ च्या नियमांनुसार वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब मायक्रोफायनान्सचे ग्राहक ठरते आणि त्याच्या मासिक उत्पन्नाचा निम्मा भाग हप्त्यांत जाऊ शकतो. कर्ज देताना गरिबीची रेषा ३ लाखांवर आणि कर्जातून सोडवताना ६० हजारांवर! घराची अट तर खेड्यातल्या बाईच्या मुळावरच उठते. घरकुल योजनेतले घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर करावे असे सरकारच सांगते, आणि त्याच पत्र्याच्या घरामुळे ती नव्या सुरुवातीला अपात्र ठरते.

आता फीकडे येऊ. माझ्या मते सगळे घोडे इथेच अडते आणि कर्जाच्या चर्चेत याचा कुणी उच्चारही करत नाही. दिवाळखोरीची यंत्रणा जगभर एका गृहीतावर उभी आहे: बुडणाऱ्याकडे थोडीफार मालमत्ता उरलेली असते आणि प्रक्रियेचा खर्च तिच्यातून निघतो. ज्याच्याकडे काहीच उरलेले नाही त्याच्याबाबतीत हे गृहीत कोसळते. त्याला वकीलपत्र लावावे लागते, प्रतिज्ञापत्राला नोटरी लागतो, प्रत्येक धनकोला नोटीस काढायची, त्याच्या खात्याचे उतारे मिळवायचे, झेरॉक्सचे गठ्ठे करायचे, तारखेला मजुरी बुडवून जायचे. नव्या संहितेत अर्ज कर्जवसुली न्यायाधिकरणापुढे करायचा आहे आणि विदर्भासाठी ते नागपुरात आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याच्या बाईने नागपूर गाठायचे म्हणजे जायलाच एक दिवस मोडतो. कायदा म्हणतो की अर्ज स्वतः करा किंवा रिझोल्यूशन प्रोफेशनलमार्फत करा. पस्तीस हजारांच्या कर्जासाठी कुठला व्यावसायिक हे काम घेईल, आणि घेतले तर त्याचे पैसे कोण देईल? ज्याला फी परवडते त्याला या प्रक्रियेची गरज नाही आणि ज्याला गरज आहे त्याला फी परवडत नाही.

हा पेच आपल्यापुरता नाही. अमेरिकेत रॉबर्ट क्रास नावाच्या बेकार माणसाने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा त्याच्याकडे ५० डॉलरची फी नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७३ साली पाच विरुद्ध चार अशा निकालाने न्यायालय म्हणाले की फी भरलीच पाहिजे. हप्त्याने भरली तर आठवड्याला १ डॉलर २८ सेंट पडतील, सिनेमाच्या तिकिटापेक्षाही कमी, सिगारेटच्या एकदोन पाकिटांहून थोडे जास्त. विरोधी मत देणाऱ्यांत न्यायमूर्ती थर्गुड मार्शल होते. गरिबांशी ज्याचा जवळून संबंध आला आहे त्याला ते किती काठावर जगतात हे कळते, असे त्यांनी लिहिले. न्यायमूर्ती स्ट्युअर्ट यांनी निकालाचा अर्थच सांगितला: काही गरीब इतके गरीब आहेत की त्यांना दिवाळखोरसुद्धा होता येत नाही. पुढे २००५ साली अमेरिकी संसदेने दिवाळखोरीचा कायदा एरवी चांगलाच कडक केला, पण त्याच कायद्यात अत्यंत कमी उत्पन्नाच्या अर्जदाराची फी माफ करण्याची तरतूदही घातली. तरी वकिलाचा प्रश्न राहिलाच. तिथे वकील पैसे आगाऊ मागतो, कारण त्याची फी थकली तर तीही अशिलाच्या इतर कर्जांबरोबर पुसली जाते. नुसती सरकारी फी माफ करून भागत नाही, हा त्यातला धडा आपण सुरुवातीलाच घ्यायला हवा.

आपल्याकडे मोफत कायदेशीर मदत नाही का? कागदावर आहे, आणि चांगली आहे. राज्यघटनेचे ३९-अ हे कलम आहे, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे आणि त्याच्या १२ व्या कलमाखाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. मायक्रोफायनान्सच्या बहुतेक कर्जदार स्त्रियाच आहेत, म्हणजे त्या आजच पात्र आहेत. पण हा वकील त्यांच्यासाठी करणार काय? दिवाळखोरीची प्रक्रियाच बंद असल्यामुळे तो फार तर वसुलीच्या दाव्याला उत्तर देतो. प्रत्यक्षात तो त्यांना भेटतही नाही, कारण यांची प्रकरणे दाव्यापर्यंत न जाता दाखलपूर्व म्हणून लोकअदालतीत येतात.

एका तालुका न्यायालयातली अशी लोकअदालत मी जवळून पाहिली आहे. आवारात मांडव, प्रत्येक वित्तसंस्थेचे वेगळे टेबल, टेबलामागे कंपनीचे बॅनर, पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. नोटीस हातात धरून आलेल्या बायका नाव पुकारण्याची वाट पाहत बसलेल्या. एका मावशींना अधिकारी सांगत होता, “एकरकमी बारा हजार भरा, बाकीचं मी सोडून देतो. आजच सही करा, नंतर ही ऑफर नाही.” मावशी बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी एकच विचारले, “साहेब, सही केली की पोरं घरी यायची बंद होतील ना?” त्यांची पाच ठिकाणची कर्जे होती. या एका टेबलावरचा उसना-पासना आणलेला पैसा बाकीच्या चार ठिकाणचे कर्ज वाढवणार होता, हे त्यांना सांगणारे त्या मांडवात कुणी नव्हते. पॅनेलवर न्यायाधीश होते, वकीलही होते, पण मावशींच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. सही झाली. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसते.

त्या टेबलावरच्या माणसाला मी खलनायक म्हणणार नाही. तो त्याचे काम करत होता. दोष व्यवस्थेच्या रचनेत आहे. एकेका सावकाराशी वेगवेगळी तडजोड करत गेले की जो सर्वांत मोठ्याने ओरडतो त्याला आधी पैसे मिळतात आणि सभ्यपणे थांबणारा मागे राहतो. दिवाळखोरीच्या कायद्याचे मूळ कामच हे आहे की सगळ्या धनकोंना एकाच दिवशी, एकाच मेजाभोवती बसवायचे, जे आहे ते हिशेबाने वाटायचे आणि उरलेल्यावर पडदा टाकायचा. कंपनीला हे मिळते. पाच गटांचे हप्ते थकलेल्या बाईला मिळत नाही.

आता दुसऱ्या भाषणातले जे खरोखर वजनदार आहे ते. पहिला आक्षेप आंध्रचा. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या सरकारने मायक्रोफायनान्सवर अध्यादेश आणला, वसुली कोसळली, कंपन्यांनी कर्जे देणे थांबवले आणि त्याच बायकांना पुन्हा खासगी सावकाराकडे जावे लागले. हे घडले आहे, आणि गरिबांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते विसरू नये. पण तिथे कुणाला फेडता येते आणि कुणाला नाही हे न पाहता सगळ्या राज्यातली वसुली एकदम अडली. दिवाळखोरी ही एकेका माणसाची तपासणी असते. उत्पन्न पाहा, मालमत्ता पाहा, खाती पाहा. ज्याला फेडता येते त्याचा अर्ज फेटाळा. नव्या सुरुवातीच्या प्रकरणात दंड, पोटगी, शैक्षणिक कर्ज यांतून सुटका नाही, अर्जाआधीच्या तीन महिन्यांत घेतलेले कर्ज धरले जात नाही आणि खोटी माहिती दिली तर आदेश मागे घेता येतो. सरसकट माफीने शिस्त मोडते असे ज्यांना वाटते त्यांनी तर या तपासणीचा आग्रह सर्वांच्या आधी धरायला हवा.

आणि माफी तरी कुणाला मिळते? २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना ३४ हजार कोटींची म्हणून जाहीर झाली, २०१९ साली महात्मा जोतीराव फुले योजना आली. दोन्ही शेतीकर्जासाठी होत्या. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्या मजुराला, गटाचे कर्ज घेतलेल्या त्याच्या बायकोला, दवाखान्यासाठी उसने घेतलेल्याला त्यातून काय मिळाले?

दुसरा आक्षेप असा की कर्जमुक्ती मिळू लागली तर धनकोंचा तोटा होईल आणि तो शेवटी व्याजदरातून प्रामाणिक कर्जदारावरच पडेल. तर्क बरोबर आहे, पण ज्याच्याकडे वीस हजारांचीही मालमत्ता नाही त्याच्या बाबतीत तोटा होतो केव्हा? मुक्तीचा आदेश निघतो त्या दिवशी नव्हे. तो फेडू शकत नाही त्या दिवशीच तोटा झालेला असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमानुसार त्याची भांडीकुंडी, कपडे, कारागिराची अवजारे यांवर जप्ती येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केले की केवळ फेडता येत नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही. अप्रामाणिकपणा दिसला पाहिजे. म्हणजे कायद्याच्या वाटेने या माणसाकडून काही वसूल होण्यासारखे उरलेलेच नाही. उरते ते कायद्याबाहेरचे: दारात बसून राहणे, गटातल्या बायकांना तिच्यावर सोडणे, नवऱ्याला रस्त्यात गाठणे, पोरीच्या लग्नात येऊ अशी धमकी. मुक्तीच्या आदेशाने धनको एवढेच गमावतो. ते गमावायला लागले म्हणून पतपुरवठ्याची शिस्त मोडणार असेल, तर ती शिस्त भीतीवर उभी होती असे म्हणावे लागेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अडचणीचा वाटतो. गरिबाचे सगळे कर्ज नोंदणीकृत संस्थांकडे नसते. बिनपरवाना सावकार असतो, किराणा दुकानदार असतो, ऊसतोड्याची मुकादमाकडची उचल असते. न्यायाधिकरणाचा आदेश ते मानतील का? पुष्कळदा मानणार नाहीत. पण बेकायदा सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हाच आहे, आणि माणसाला वेठीला धरणारे कर्ज १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने रद्दच ठरवले आहे. हातात एक शिक्क्याचा कागद आणि पाठीशी एक वकील असलेला माणूस पोलीस ठाण्यात वेगळ्या आवाजात बोलतो. हा उपाय सगळ्या कर्जाला पुरणार नाही हे मान्य. म्हणून जिथे पुरतो तिथेही देऊ नये, हे कुठले तर्कशास्त्र?

ही कल्पना परदेशातून उचललेली आहे असेही म्हटले जाईल. पण तिचा दाखला इथल्याच मातीत आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली, दंगे आसपास पसरले, सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यात पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करणे बंद झाले, कर्जखताच्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला, शेतकऱ्याच्या नादारीसाठी वेगळे प्रकरण घातले गेले. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, समोरच्या बाजूने वकील उभा असेल आणि शेतकऱ्याला वकील परवडत नसेल तर न्यायालय त्याच्यासाठी वकील देऊ शके. या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश म्हणून पुढे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी काम केले. त्या कायद्याने सगळे भले झाले असा माझा दावा नाही. सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले, कर्ज मिळणे अवघड झाले, अशा तक्रारी तेव्हाही होत्या. पण कर्जाच्या खटल्यात एका बाजूला वकील आणि दुसऱ्या बाजूला रिकामी खुर्ची असेल तर न्याय होत नाही, हे परक्या सरकारलाही दंग्यानंतर का होईना कळले. आपल्याला ते कळायला कशाची वाट पाहायची आहे?

पैसे कोण देणार, हा शेवटचा आणि रास्त प्रश्न. ब्रिटनकडे बघा. तिथल्या इंग्लंड-वेल्समध्ये २००९ पासून अल्प उत्पन्नाच्या, जवळपास काहीच मालमत्ता नसलेल्या लोकांसाठी वेगळा कर्जमुक्ती आदेश आहे. न्यायालयात जावे लागत नाही. मान्यताप्राप्त सल्लागार संस्थेतला माणूस समोर बसून अर्ज भरून देतो, एक वर्ष स्थगिती राहते आणि नंतर कर्ज संपते. सुरुवातीला १५ हजार पौंडांची कर्जमर्यादा होती, ती टप्प्याटप्प्याने वाढवत २०२४ साली ५० हजारांवर नेली. या अर्जाला ९० पौंड फी होती. ते ९० पौंड जमवता येत नाहीत म्हणून लोक अडकून पडतात हे सल्लागार संस्था वर्षानुवर्षे सांगत होत्या. एप्रिल २०२४ मध्ये ती फी रद्द झाली. आणि मोफत सल्ल्याचा खर्च मोठ्या प्रमाणात कर्जे देणाऱ्या संस्थांवरच्या आकारणीतून भागवला जातो. कर्जाच्या धंद्यात नफा आहे तसा बुडणारा माणूसही आहे, आणि त्याला बाहेर काढण्याचा खर्च त्या धंद्याचाच भाग आहे, हे तत्त्व आपल्याकडे आणायला काय हरकत आहे? मोफत मदत नसली की तिची जागा कोण घेते तेही दिसते आहे. ‘तुमचे कर्ज सेटल करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या जाहिराती मोबाईलवर येतात, आधी फी घेतात आणि हप्ते भरू नका असे सांगतात. त्यासाठी बुडालेला माणूस आणखी एक कर्ज काढतो.

केंद्राने तिसरा भाग लागू करावा, ६० हजारांची मर्यादा रिझर्व्ह बँकेच्या ३ लाखांशी जोडावी, राहत्या घरकुलाची अट काढावी आणि अर्ज तालुका विधी सेवा समितीत, विनाशुल्क स्वीकारले जावेत. यातल्या बऱ्याच गोष्टींना दिल्लीची दुरुस्ती लागेल आणि वेळ जाईल. पण एका गोष्टीला कुठलाही नवा कायदा लागत नाही. १२ व्या कलमाखाली पात्र असलेल्या कुठल्याही कर्जदाराची लोकअदालतीत सही घेण्याआधी तिला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील भेटला पाहिजे, त्याने तिच्या सगळ्या कर्जांची यादी केली पाहिजे आणि तडजोड परवडते की नाही हे तिला मराठीत समजावून सांगितले पाहिजे. असे झाल्याची नोंद प्रकरणात नसेल तर पॅनेलने निवाडा देऊ नये, एवढे एक परिपत्रक राज्य विधी सेवा प्राधिकरण पुढच्या राष्ट्रीय लोकअदालतीच्या आत काढू शकते. वकिलांची पॅनेले प्रत्येक तालुक्यात आधीच नेमलेली आहेत.